गाडीला वास्तू नसते

चंद्रप्रभाकाकूंची गाऱ्हाणी चौथ्या मजल्यावर येऊन थांबत. खाली पार्किंगमध्ये माझ्या गाडीतून उतरताना सुरू झालेलं वाक्य लिफ्टमध्ये चांगलं रंगात आलेलं असायचं. "अगं, या गुडघ्यानं नुसता छळ मांडलाय. काल रात्री कूस बदलायची म्हटलं तर..." एवढ्यात लिफ्टचं दार उघडायचं आणि काकू तोंड मिटायच्या. पर्समधली किल्ली चाचपायच्या, चेहऱ्यावर हसू आणायच्या, "चल, येते हं," म्हणायच्या आणि आत जायच्या. रात्री गुडघ्यानं काय केलं, ते मला पुढच्या वेळी गाडीत कळायचं.

मी रेवती, त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. पुण्याहून नोकरीसाठी इकडे दिल्लीत आले, गुडगावच्या एका कंपनीत आहे, आठवड्यातले काही दिवस घरून काम करते. द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या या विंगमध्ये मराठी दारं दोनच. त्यामुळे काकूंना बाजार, दवाखाना, देऊळ असं नेण्याआणण्याचं काम माझ्याकडे कधी आलं ते मलाही कळलं नाही. त्याबद्दल तक्रार नाही. माझ्या तक्रारी दुसऱ्याच आहेत, त्या येतीलच.

सुरुवातीला मला वाटलं, बाई नवऱ्याच्या धाकात आहे. मनातल्या मनात मी भाऊसाहेबांवर दातही खाल्ले. पण धाकात ठेवणारा माणूस असा नसतो. एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ सकाळचा चहा स्वतः करतात, बायकोची औषधं काढून ठेवतात, आणि आवाज चढवलाच तर फक्त टीव्हीचा. शेवटी सेक्टर बाराच्या बाजारातून परत येताना मी काकूंना सरळच विचारलं.

"अगं, घरात वाईट बोलू नये," काकू म्हणाल्या. "वास्तू तथास्तु म्हणत असते."

"मग माझ्याकडे या. चहा करते, तिथे बसून पोटभर बोला."

"तुझीही वास्तूच ना? उगाच तुझ्या घराला कशाला माझी पीडा?"

"आणि गाडी?"

"गाडीला वास्तू नसते," काकू म्हणाल्या. हे त्यांनी आधीच नीट विचार करून ठेवलेलं होतं, हे आवाजावरून कळत होतं.

आता हे काही त्यांनी शोधून काढलेलं नाही. घरात अभद्र बोललं की वास्तुपुरुष 'तथास्तु' म्हणतो, हे आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. माझी आईही म्हणायची, आणि संध्याकाळपर्यंत स्वतःच विसरून 'मेले बाई मी या कामानं' म्हणून मोकळी व्हायची. जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं. भाऊसाहेबांच्या घरी मात्र या म्हणण्याला सरकारी परिपत्रकाची कळा आलेली होती. गॅस संपला तर 'आणायचा झालाय'. दूध नासलं तर 'पनीर झालं'. तब्येत कशी आहे, तर 'छान'. त्यांच्याकडे चहाला बसलं की मला आपण एखाद्या जाहिरातीत आलोय असं वाटायचं, आणि थोड्या वेळानं दमायला व्हायचं.

काकू सांगलीच्या. लग्न होऊन दिल्लीला आल्या तेव्हा त्यांना हिंदी येत होती ती रेडिओवरची. त्या हिंदीवर त्यांनी पुढे एका मंत्रालयात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी निभावली. दिवसभर कानाला हेडफोन आणि तोंडात 'होल्ड कीजिए'. पलीकडचा माणूस कितीही भडकला तरी आवाजात हसू ठेवायचं, असं शिकवलेलंच होतं म्हणे. "साहेबांचा फोन लागला नाही की शिव्या मला, आणि मी हसतेय," त्या सांगायच्या. "घरी आले की पुन्हा हसतेय. गालफडं दुखायची गं." नेताजीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार झाला, मुलगा झाला, सासू-सासऱ्यांची आजारपणं झाली, मग द्वारकेला हे घर झालं. एवढ्या सगळ्यात 'मी दमले' असं घरात एकदाही म्हटलं नाही, हे त्या मला अनेकदा सांगायच्या. त्यात अभिमान होता की खंत, ते मला कळत नसे. बहुतेक दोन्ही.

त्यांच्या दारावरच्या पाटीवर तीन नावं आहेत. तिसरं केतन. मी इथे राहायला आले त्याच्या आदल्या वर्षी, दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये, तो गेला. त्या महिन्यात दिल्लीत काय चाललं होतं ते मी सांगायला नको. लग्नासाठी मुली बघणं चालू होतं, आणि एकुलता एक मुलगा दहा-बारा दिवसांच्या करोनात संपला. हे मला खालच्या गार्डनं सांगितलं. भाऊसाहेबांच्या किंवा काकूंच्या तोंडून मी त्या घरात केतनचं नाव कधी ऐकलं नाही. गाडीतही नाही. गाडीत गुडघा यायचा, भाजीवाल्याची लबाडी यायची, भाऊसाहेबांचं घोरणं यायचं. केतन येत नसे.

तर अशा या काकूंना ब्लडप्रेशर होतं. आमच्याच सेक्टरातल्या एका लहान इस्पितळात डॉक्टर अहलावत बसतात, हरियाणाच्या, खणखणीत आवाजाच्या बाई. त्यांच्याकडे मोजलं की एकशे तीस, कधी एकशे अठ्ठावीस. "बढ़िया, आंटीजी," म्हणून त्या तीच गोळी पुन्हा लिहून द्यायच्या. घरी रोज सकाळी भाऊसाहेब मशीन लावत. आकडा स्वतः बघत, "छान आहे," म्हणत आणि पट्टा सोडत. आकडा काय होता ते बोलत नसत. मशीन मात्र बदलत. वर्षाच्या आत तिसरं मशीन घरी आलं तेव्हा मला शंका आली.

"आधीच्यांना काय झालं?"

"बिघडली," भाऊसाहेब म्हणाले.

"दोन्ही?"

"आजकाल मालच तसा येतो."

ते फोनवर बोलायला गॅलरीत गेले तशी मी काकूंच्या दंडाला ते नवं कोरं मशीन लावलं. एकशे शहात्तर. मी आकडा उच्चारायला तोंड उघडलं आणि काकूंनीच माझ्या तोंडावर हात ठेवला. मग मी मशीन घेऊन गॅलरीत गेले. भाऊसाहेबांनी फोन ठेवला, आकड्याकडे पाहिलं, आणि अगदी दबक्या आवाजात मला समजावलं, "डॉक्टरकडे नॉर्मल येतं ना? मग मशीनच चुकतंय. उगाच आकडा बोलून तिच्या डोक्यात कशाला भरवायचा? मनात आलं की अंगात येतं, रेवती."

मनात आलं की अंगात येतं. हे वाक्य ऐकून ऐकून मी विटले आहे. आमच्या ऑफिसात दर महिन्याला वेलनेसचं सेशन असतं. कोणीतरी छान इस्त्रीच्या कपड्यातला माणूस येतो, विचारांनी शरीरात कोणकोणती रसायनं पाझरतात त्याची रंगीत चित्रं दाखवतो आणि शेवटी म्हणतो, ताण घेऊ नका. जसा काही ताण ताटात वाढलेला असतो आणि मी दुसऱ्यांदा मागून घेते. त्यानंतर आम्ही पुन्हा जागेवर जातो आणि ज्याला ताण म्हणतात तेच काम हसऱ्या चेहऱ्यानं करतो. विचारांचा शरीरावर परिणाम होतो हे मला पटतं. पण मग आजारी माणसानं आजारी असण्याबरोबर आनंदीही असायचं, ही दुहेरी ड्यूटी कोणी लावली, एवढंच मला विचारायचंय.

पुढच्या खेपेला मी ते मशीन पर्समध्ये घालून गाडीत नेलं. अंडरपासपाशी नेहमीचा खोळंबा होता. काकू भाजीवाल्यानं सडके टोमॅटो कसे खालून घातले ते तावातावानं सांगत होत्या, आणि त्या सांगत असतानाच मी पट्टा लावला. एकशे बत्तीस. तेच मशीन, त्याच काकू. वर घरात गेल्यावर पाणी पिऊन, शांत बसवून, पुन्हा लावलं, तर एकशे सत्तरच्या वर. मशीन शहाणं होतं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हे सगळं सांगायचं मी ठरवलं. पण ती तपासणी यायच्या आधीच नोव्हेंबरमधली ती सकाळ आली.

धुरकं इतकं होतं की समोरची विंग दिसत नव्हती. घरात प्युरिफायर घरघरत होता, घसा खवखवत होता आणि मी लॅपटॉपसमोर मीटिंगमध्ये बसले होते. काकूंचा फोन आला.

"रेवती, खाली येतेस का? थोडं बोलायचंय."

"काकू, मीटिंग आहे. अर्ध्या तासानं आले तर चालेल?"

"बिल्कुल. सावकाश ये."

आवाज नेहमीसारखा. होल्ड कीजिए वाला. मी मीटिंग आटोपून खाली गेले तर काकू पार्किंगजवळच्या बाकावर शाल लपेटून बसल्या होत्या, मास्क हनुवटीवर ओढलेला. मला बघून उठल्या आणि म्हणाल्या, "गाडी उघड आधी."

गाडीत बसल्यावर, दार लावून घेतल्यावर, त्या म्हणाल्या, "सकाळी माझा उजवा हात माझा नव्हता गं. कप पडला हातातून. उचलायला गेले तर बोटं ऐकेनात. आणि जीभ अशी जड. ह्यांनी बाथरूममधून विचारलं, काय पडलं, तर 'काही नाही' एवढंसुद्धा नीट येईना."

"मग?"

"मग हळूहळू आलं ठिकाणावर. हे बाहेर येईपर्यंत मी खुर्चीत बसले होते. त्यांना बँकेत हयातीचा दाखला द्यायला जायचं होतं, पेन्शनचा. त्यांना पोहे दिले, डाव्या हातानं. गेले ते."

"तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"घरात कसं सांगायचं?" काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू प्रश्नच खुळा होता. "असलं काही घरात उच्चारायचं? आणि खरंच झालं म्हणजे?"

म्हणजे ही बाई अर्धांगवायूची चाहूल घेऊन सकाळपासून बसली होती. नवऱ्याला नाश्ता देऊन तो जिवंत असल्याचा दाखला द्यायला पाठवला, मला फोन केला, माझी मीटिंग संपायची वाट बघितली, लिफ्टनं खाली आली. सगळं कशासाठी, तर हे जिथे बोलता येईल अशा जागी पोचायचं म्हणून. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी दया आली की मी सरळ गाडी इस्पितळाकडे काढली.

डॉक्टर अहलावत भडकल्याच. "सुबह का हुआ, और अब बता रही हैं? आंटीजी, ये मज़ाक है?" तपासण्या झाल्या, मेंदूचे फोटो झाले. मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडून पुन्हा सुरू झाला होता. नशिबानं मागे काही राहिलं नव्हतं. इस बार बच गईं, असं त्या म्हणाल्या, आणि काकूंना एक रात्र तिथेच ठेवून घेतलं. भाऊसाहेब बँकेतून धावत आले. दाखल्याची पोचपावती अजून हातातच होती.

"घर में कोई टेन्शन रहता है?" डॉक्टरांनी त्यांना विचारलं.

"बिल्कुल नहीं," भाऊसाहेब म्हणाले. "हमारे घर में निगेटिव्ह बात ही नहीं होती."

मी तिथेच उभी होते. मी डॉक्टरांना बाजूला नेऊन घरचे आणि गाडीतले आकडे सांगितले. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्या खुर्चीत जरा मागे टेकल्या. उलटं नेहमी दिसतं, त्या म्हणाल्या, डॉक्टर बघून लोकांचं चढतं आणि घरी उतरतं. काकूंसारखी माणसं कमी सापडतात, आणि जास्त धोक्याची, कारण आमच्यासमोर सगळं ठीक असतं. मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. भीती वाटली की शरीर तयारीला लागतं. रक्तात काही रस उतरतात, हृदय जोरानं चालतं, नसा आवळतात, मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं. भीती वाघाची आहे की मनातल्या एका वाक्याची, हे शरीर विचारत बसत नाही. आणि वाघ निदान निघून जातो. तोंडातून येऊ बघणारं वाक्य दिवसभर मागे ढकलत राहायचं, हे कामच असतं, आणि त्या कामाला सुट्टी नाही. नळ बंद आणि पंप चालू, असं मला ते ऐकताना वाटलं. "सारा दोष मन का मत समझना," डॉक्टरांनी बजावलं. उमर है, नमक है, खानदान है. गोळी वाढवावी लागेलच. "पर ये जो चुप रहती हैं, इसकी गोली मेरे पास नहीं है."

संध्याकाळी भाऊसाहेब काकूंचे कपडे आणायला घरी गेले. मी पलंगाजवळ बसले होते. बाजूच्या खाटेवरची बाई मोठमोठ्यानं कण्हत होती आणि तिची मुलगी फोनवर कोणाला तरी सांगत होती की मम्मी की हालत बहुत खराब है. काकू ते ऐकत पडल्या होत्या.

"इस्पितळालाही वास्तू असेलच," त्या एकदम म्हणाल्या. "पण इथे सगळेच वाईट बोलतात. कोणाकोणाला तथास्तु म्हणणार ती?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"केतनच्या वेळी मी बोलले होते, रेवती."

त्यांनी छताकडे बघतच सांगितलं. त्या दुपारी इस्पितळातून फोन आला होता की ऑक्सिजन वाढवला तरी उतरतंय. भेटायला कोणाला सोडतच नव्हते. त्या ओट्याशी उभ्या होत्या. कुकर लावलेला होता, त्याच्यासाठीसुद्धा वरणभात लावलेला होता, उगाचच. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आता काही खरं नाही त्याचं." भाऊसाहेब दारात होते. ते ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ते बायकोवर ओरडले असतील. "चंद्रा, जीभ आवर! वास्तू तथास्तु म्हणते!"

"आणि दिवेलागणीला फोन आला," काकू म्हणाल्या. "मीच बोलले ना. आई असून बोलले. घरानं ऐकलं."

असं काही नसतं काकू, विषाणू होता, हजारो लोक गेले, हे सगळं माझ्या जिभेवर आलं आणि मला स्वतःलाच ते फोल वाटलं. इतकी वर्षं ही बाई त्याच ओट्याशी उभी राहून रोज दोन वेळचा स्वयंपाक करत होती, आणि वर टांगलेल्या त्या न दिसणाऱ्या कानाला घाबरून हसत होती. मी त्यांचा हात धरून बसले. मला खूप थकल्यासारखं झालं.

"ह्यांना सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "त्यांना ठाऊकच आहे. म्हणून तर ते घरात कोणाला काही बोलू देत नाहीत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दोघांना घरी आणलं. गाडीत भाऊसाहेब पुढे बसल्यामुळे काकू गप्प होत्या. वर आल्यावर मी चहा टाकला. भाऊसाहेबांनी लगेच मशीन काढलं, काकूंच्या दंडाला पट्टा गुंडाळला, घरघर झाली, आकडा उमटला. मी कप घेऊन मागेच उभी होते. एकशे ब्याऐंशी.

"छान आहे," भाऊसाहेब म्हणाले आणि पट्टा सोडायला लागले.

माझा तोल गेला. "छान नाहीये, भाऊसाहेब."

"रेवती, हळू. घरात—"

"घरात काय? घरातच त्यांचा हात लुळा पडला काल. तुम्ही बाथरूममध्ये होतात. तुम्ही बाहेर आल्यावर त्यांनी तुम्हाला डाव्या हातानं पोहे दिले आणि बँकेत पाठवलं. मला सांगायला त्या खाली उतरल्या. अर्धांगवायू झाला असता तरी त्यांनी तुम्हाला या घरात सांगितलं नसतं."

तो शब्द खोलीत पडला. काकूंनी डोळे मिटून घेतले. भाऊसाहेब मशीन मांडीवर घेऊन बसून राहिले. मग त्यांनी काकूंकडे वळून विचारलं, "डाव्या हातानं दिलेस?"

"तुम्ही पेपर वाचत होतात," काकू म्हणाल्या.

"मला का नाही सांगितलंस?"

"खाली चला. खाली सांगते."

"माझ्यानं आता पुन्हा खाली उतरवत नाही, चंद्रा. इथेच सांग."

काकूंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मी निघायला हवं होतं, पण त्यांनी माझ्या ओढणीचं टोक धरून ठेवलं होतं. "मागे एकदा बोलले होते," त्या म्हणाल्या, "तिथे, ओट्यापाशी. तुम्ही ओरडलात. आणि संध्याकाळी तो गेला. केतन गेला. माझ्या बोलण्यानं गेला. तुम्ही कधी तोंडानं म्हटलं नाहीत, पण मला कळतं हो. म्हणून मी पुन्हा काही बोलले नाही."

भाऊसाहेबांनी मशीन मांडीवरून खाली ठेवलं. खाली कोणाच्या तरी गाडीचा रिव्हर्सचा भोंगा वाजत राहिला आणि बंद झाला.

"मी ओरडलो होतो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला आठवत नाही." ते खरंच आठवत होते, कपाळाला आठ्या घालून, आणि त्यांना सापडत नव्हतं. "मला त्या दिवसाचं एकच आठवतं. सकाळपासून मी म्हणत होतो, बरा होऊन येणार. देवासमोर म्हटलं. गॅलरीत म्हटलं. नळ सोडून बाथरूममध्ये मोठ्यानं म्हटलं. प्रत्येक खोलीत जाऊन म्हटलं, चंद्रा. कुठलीही खोली सोडली नाही. बरा होऊन येणार, बरा होऊन येणार." त्यांचा आवाज फाटला. "तेव्हा नाही म्हणाली ती तथास्तु. घर माझ्या नावावर आहे. ऐकायचं होतं तर माझं ऐकायचं होतं."

काकू त्यांच्याकडे वळल्या.

"मग इतकी वर्षं मला बोलू का दिलं नाहीत?"

"तू बोलली असतीस तर त्याच्याबद्दल बोलली असतीस," भाऊसाहेब म्हणाले. "मला ऐकवलं नसतं."

आणि मग ते रडले. म्हातारा माणूस रडताना आवाज कमी आणि खांदे जास्त हलतात. काकूंनी माझी ओढणी सोडली, त्यांच्या पाठीवर हात ठेवला, उजवाच. स्वतः त्या रडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "मी फार दमलेय हो."

असं बोलू नये, असं कोणी म्हणालं नाही. ते वाक्य तसंच खोलीत राहिलं आणि छताला काही झालं नाही.

चहा गार झाला होता. मी तो ओतून पुन्हा टाकायला गेले. परत आले तेव्हा भाऊसाहेबांनी तोंड धुतलं होतं, चष्मा लावला होता, आणि काकूंच्या दंडाला पट्टा पुन्हा बांधला होता. घरघर झाली. त्यांनी मशीन डोळ्यांजवळ नेलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरात आकडा मोठ्यानं वाचला.

"एकशे अठ्ठ्याहत्तर," ते म्हणाले. "जास्त आहे, चंद्रा."

"असणारच," काकू म्हणाल्या.